तीन भावांची विहीर आणि एक प्रोसेसर

तोंडी परीक्षेला पोरगा समोर बसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय? उत्तरही ठरलेलं. "सर, युजर आणि हार्डवेअर यांच्यामधला इंटरफेस." गाईडच्या पहिल्या पानावरचं वाक्य, एका दमात. मग मी विचारतो, "समज, मशीनमध्ये एकच प्रोसेसर आहे. तू एक प्रोग्राम चालवला, त्यात कधीच न संपणारा लूप आहे. प्रोसेसर त्या लूपमध्ये गुंतला. आता सांग, या घडीला तुझी ऑपरेटिंग सिस्टीम कुठे चालू आहे?"

पोरगा पंख्याकडे बघतो. एकदा मात्र एकाने मलाच उलट विचारलं, "सर, मंग ते चालते तरी कवा?"

त्या दिवशी त्याला मी पैकीच्या पैकी मार्क दिले. कारण खरं उत्तर असं आहे की त्या घडीला ऑपरेटिंग सिस्टीम कुठेच चालू नसते. ती मेमरीत नुसती पडून असते. आपल्या डोक्यात चित्र असतं ते वरून सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या साहेबाचं. पण ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, हाही शेवटी एक प्रोग्रामच. त्यालाही चालायला तोच प्रोसेसर लागतो, आणि तो तर आत्ता दुसऱ्याच्या हातात दिलेला आहे. मग दिलेला प्रोसेसर परत कसा घ्यायचा? माझ्या मते हा विषय इथून सुरू करायला हवा.

मला स्वतःला हे कळलं ते विहिरीवरून. दारव्हा तालुक्यात आमची विहीर तीन भावांत सामायिक: मोठेबाबा, माझे बाबा आणि काका. सातबाऱ्यावर प्रत्येकाचा तिसरा हिस्सा, मोटार एकच. शेतीची लाईन आठ तास, त्यातही काही दिवस रात्रीची. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी एकाच वेळी लागतं, त्यामुळे पाळी ठरलेली. पाळी लावायचे मोठेबाबा, पण रात्रभर जागून पहारा द्यायला ते काही येडे नव्हते. ज्याची पाळी त्याच्या हाती स्टार्टर द्यायचा, पण त्याआधी घड्याळाला गजर लावायचा आणि बाजेवर आडवं व्हायचं. गजर झाला की उठायचं, चालू असलेली पाळी थांबवायची, पुढच्याला द्यायची, पुन्हा गजर, पुन्हा झोप.

कर्नल हेच करतं. मशीनमध्ये टायमर नावाचं वेगळं हार्डवेअर असतं. कर्नल त्याला गजर लावून मग प्रोसेसर प्रोग्रामच्या हवाली करतं. वेळ झाली की टायमर प्रोसेसरला टोचतो. याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर काहीही करत असो, अगदी त्या न संपणाऱ्या लूपमध्ये असो, हातातलं सोडून कर्नलच्या ठरलेल्या पत्त्यावर उडी मारतो. कर्नल जागं होतं, पुढची पाळी कोणाची ते ठरवतं आणि परत झोपी जातं. लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हा गजर बऱ्याच ठिकाणी सेकंदाला २५० वेळा होतो, म्हणजे दर ४ मिलिसेकंदाला. म्हणून गाणं, ब्राउझर आणि टायपिंग एकाच वेळी चालल्यासारखं वाटतं. प्रोसेसर एकच असेल तर एका वेळी एकच चालतं. आजच्या मशीनला चार-आठ कोअर, म्हणजे तेवढे प्रोसेसर, असतात, पण प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, शेकड्यांनी, म्हणून पाळी काही चुकत नाही.

हा गजर सगळीकडे पहिल्यापासून नव्हता. विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रामने आपण होऊन पाळी सोडायची, असा सज्जनपणाचा कारभार होता. एक प्रोग्राम अडकला की सगळं मशीन गपगार.

आता प्रोसेसरला साध्या प्रोग्रामसाठी एक आणि कर्नलसाठी एक असे दोन मोड का असतात, हेही कळेल. युजर मोड आणि कर्नल मोड यांतले फरक पोरं तक्ता करून पाठ करतात, पण त्यामागचं कारण एका वाक्याचं आहे: गजर बंद करायची कळ कोणाच्याही हाती लागू नये. काकांनी गजरच बंद केला तर रात्रभर पाणी त्यांच्याच वावरात. म्हणून इंटरप्ट बंद करण्यासारख्या सूचना फक्त कर्नल मोडमध्ये चालतात. साध्या प्रोग्रामने तसा आगाऊपणा केला की प्रोसेसर स्वतःच त्याला पकडून कर्नलपुढे उभा करतो, आणि कर्नल त्याला बहुधा जागीच संपवतं.

मग साध्या प्रोग्रामला फाईल वाचायची असेल, स्क्रीनवर काही लिहायचं असेल तर? बँकेत काउंटरच्या आत जाऊन आपण पैसे उचलत नाही. स्लिप भरून खिडकीतून सरकवतो. प्रोग्रामची ही स्लिप म्हणजे सिस्टीम कॉल. हवं ते काम एका ठरलेल्या क्रमांकाने मागायचं. नेहमीच्या ६४-बिट पीसीवरच्या लिनक्समध्ये वाचायचा क्रमांक ०, लिहायचा १. हे डोळ्यांनी बघता येतं. लिनक्सवर एस-ट्रेस नावाचं साधन आहे. त्याच्यामार्फत "हॅलो" छापणारा चार ओळींचा प्रोग्राम चालवा. आधी वीस-पंचवीस तरी स्लिपा जाताना दिसतील. लायब्ररी उघड, मेमरी दे, असल्या. आणि शेवटाकडे एक ओळ येईल: राईट, कंसात १ (इथे १ म्हणजे स्क्रीन), हॅलो, ६, आणि बरोबरच्या चिन्हापुढे ६. कर्नल सांगतंय, सहा बाइट लिहायला सांगितले होते, सहा लिहिले. इंग्रजी हॅलोची अक्षरं पाच, सहावा बाइट ओळ बदलायचा. पहिल्यांदा ही ओळ बघताना पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते व्याख्या पाठ करताना कधी आलं नाही.

परत विहिरीवर. पाळी बदलताना नुसता दांड वळवून भागत नाही. बाबांचं पाणी ज्या सरीपर्यंत पोचलं तिथे पऱ्हाटीची एक काडी रोवायची. पुढच्या पाळीला त्या काडीपासून सुरू. अंधारात काडी सापडली नाही तर एक सरी दोनदा ओलली जाते आणि एक कोरडी राहते. प्रोसेसरमध्ये ही काडी म्हणजे प्रोग्राम काउंटर (पुढची सूचना कुठली ते सांगणारा) आणि बाकीचे रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले छोटे कप्पे. पाळी बदलताना कर्नल ते सगळे मेमरीत लिहून ठेवतं आणि पुढच्याचे काढून प्रोसेसरमध्ये भरतं. कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात तो हा.

पुस्तकं लिहितात की या बदलाला वेळ लागतो. पण खरा खर्च कुठे होतो ते शेतकऱ्याला विचारा. दांड वळवायला दोन मिनिटं, पण कोरडा दांड आधी स्वतः पाणी पितो. वावराच्या टोकाला धार पोचेपर्यंत पहिली काही मिनिटं मातीतच मुरतात. प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीचं, कॅशचं, तसंच आहे. त्यात आधीच्या प्रोग्रामचा माल भरलेला असतो. नवा आला की त्याचा माल लांबच्या रॅममधून आणता आणता प्रोसेसर नुसता ताटकळतो. म्हणून पाळी फार छोटी ठेवली तर सगळं पाणी दांडच पितो, फार मोठी ठेवली तर शेवटच्याचा हरभरा वाळतो. राऊंड रॉबिनच्या, म्हणजे आळीपाळीच्या, गणितात टाईम क्वांटम, म्हणजे एका पाळीची लांबी, दिलेला असतो आणि पोरं गँट चार्ट काढून सरासरी वेटिंग टाईम काढतात. पण क्वांटम ४ च का, ४०० का नाही, हे कोणी विचारत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

मेमरीचं प्रकरण विहिरीने समजत नाही. तिथे तलाठ्याचं दप्तर लागतं. एक प्रयोग करा. सी भाषेत एक व्हेरिएबल घ्या, त्यात ५ टाका, मग फोर्क करा. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत; मूळ तो बाप, प्रत ते पोर. आता पोराच्या प्रोसेसमध्ये त्याच व्हेरिएबलमध्ये ९ टाका, आणि मग बाप-लेक दोघांनाही व्हेरिएबलचा पत्ता आणि किंमत छापायला सांगा. दोघे पत्ता एकच छापतात, अगदी शेवटच्या अंकापर्यंत. पण बापाकडे किंमत ५ आणि पोराकडे ९. एका गट नंबरवर एकाचा गहू आणि दुसऱ्याचा हरभरा, असं कसं?

कारण प्रोग्रामला दिसतो तो पत्ता कागदावरचा असतो. प्रत्येक प्रोसेसचा सातबारा वेगळा; त्यावरचा "गट नंबर १" प्रत्यक्ष रॅममध्ये कुठे आहे हे पेज टेबल नावाच्या दप्तरात लिहिलेलं असतं. मेमरी बहुतेक मशीनवर ४०९६ बाइटच्या तुकड्यांत मोजतात. एक तुकडा म्हणजे एक पेज. दोघांचा कागदी पत्ता सारखा, दप्तरातल्या नोंदी वेगळ्या. गंमत म्हणजे फोर्क झाल्याबरोबर नोंदीही सारख्याच असतात, दोघे एकच पेज वापरतात. पोराने ९ लिहायला हात लावला, त्या क्षणी कर्नल त्याला त्या पेजची वेगळी प्रत काढून देतं. वाटणी मागितल्याशिवाय वाटणी नाही.

कागदी पत्त्याची ही युक्ती इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने १९६२ मध्ये आणली. तेव्हा मेमरी इतकी महाग होती की प्रोग्राम तीत मावत नसे. आज आमच्या लॅबमधल्या जुन्या पीसीत ४ जीबी रॅम आहे, आणि लिनक्स त्यावरच्या प्रत्येक प्रोसेसला १२८ टेराबाइटचा पत्ता-विस्तार दाखवतं. सातबाऱ्यावर १२८ टेराबाइट, जागेवर ४ जीबी! आपल्याकडच्या कागदोपत्री ओलिताखालच्या जमिनीलाही लाजवेल असा कारभार. पण चालतो, कारण प्रोग्रामने मेमरी मागितली की कर्नल आधी फक्त नोंद करतं. खरं पेज मिळतं ते तिथे पहिल्यांदा पाय ठेवल्यावर. रॅम भरत आली की बराच वेळ कोणी न वापरलेली पेजेस डिस्कवर हलवली जातात. ती पुन्हा लागली की मशीन घोगरत घोगरत परत आणतं. पाच-सहा प्रोग्राम उघडल्यावर जुना पीसी हार्डडिस्कचा कुरकुर आवाज करत अडकतो तो इथेच. प्रोसेसर बिचारा रिकामा असतो, पेजेसची ने-आण चालू असते.

आणि सगळेच एकदम आपापला हिस्सा मागायला आले तर? तेव्हा लिनक्स एकाला निवडून मारतं. अँड्रॉइड फोनमध्येही कर्नल लिनक्सचंच, तिथे ही मारकाट रोजचीच. मागे ठेवलेलं ॲप पुन्हा उघडलं आणि ते पहिल्या पानापासून सुरू झालं, तर समजा मधल्या काळात त्याचा बळी गेला होता. म्हणून दर दहा मिनिटांनी सगळी ॲप अंगठ्याने वर सरकवून "रॅम साफ" करणाऱ्यांना मी सांगत असतो, बाबू, ते काम ऑपरेटिंग सिस्टीमला तुझ्यापेक्षा बरं जमते. तू हाकललेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून चढवायला उलट जास्त बॅटरी जाते.

आता भांडणाचा भाग. आमच्याकडे तुषार संच आला तेव्हा पाईप-नोझल काकांनी घेतले आणि स्टार्टरच्या पेटीची किल्ली मोठेबाबांकडेच राहिली. एका रात्री काका पाईप अंथरून बसले, किल्लीची वाट बघत. मोठेबाबा किल्ली खिशात घालून बसले, पाईपची वाट बघत. आधी तू दे, आधी तुम्ही द्या. लाईन आली आणि गेलीसुद्धा. डेडलॉक समजवायला मला दुसरं उदाहरण लागत नाही. १९७१ मध्ये कॉफमन आणि सहकाऱ्यांनी याच्या चार अटी मांडल्या: वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते, हातातली न सोडता दुसरीची वाट बघतात, कोणी हिसकावून घेऊ शकत नाही, आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ बनतं. चारपैकी एक मोडली की गाठ सुटते. आईने मोडली ती चौथी: आधी किल्ली घ्यायची, मगच पाईपला हात लावायचा, सगळ्यांनी. कर्नल लिहिणारेही लॉक, म्हणजे वस्तू एका वेळी एकालाच देणारं कुलूप, घ्यायचा क्रम असाच ठरवून ठेवतात.

यावर आमच्या पेपरात हमखास येतं ते बँकर्स अल्गोरिदम, म्हणजे डेडलॉक होणारच नाही अशा बेताने वस्तू वाटायची रीत. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचं, सुंदर आहे, पण ते चालायला प्रत्येक प्रोसेसने आपल्याला जास्तीत जास्त काय लागेल हे आधीच सांगावं लागतं. तुमचा ब्राउझर हे सांगू शकेल का? रोजच्या वापरातल्या ऑपरेटिंग सिस्टीम त्या वाटेला जातच नाहीत. तरी पोरं त्याचे तक्ते भरत बसतात आणि शर्यतीची चूक, म्हणजे एकाच आकड्यावर दोघांनी एकदम हात टाकायची, जी उद्या नोकरीत रोज भेटणार आहे, ती कोणी करूनही बघत नाही.

ती करून बघायला दहा मिनिटं पुरतात, आणि संगणकही लागत नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप टाकलं की लिनक्ससारखा टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाईप करायची खिडकी, मिळतो, त्यात क्लँग कंपायलर उतरवता येतो. एक काउंटर घ्या, दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन वाटा, करा, प्रत्येकाने काउंटरमध्ये दहा लाख वेळा एक मिळवायचा. उत्तर २० लाख यायला हवं. कंपायलरची ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड आपणहून सुधारायची सोय, बंद ठेवून चालवा. उत्तर बारा लाख येतं, तेरा लाख येतं, दर वेळी वेगळं. वर्गात एका पोरीने पाच वेळा चालवलं, पाच आकडे वहीत लिहिले आणि म्हणाली, "सर, माह्या मोबाईलच खराब हाये."

मोबाईल ठीक होता. एक मिळवणं ही प्रोसेसरच्या दृष्टीने तीन कामं आहेत: आकडा वाचा, एक मिळवा, परत लिहा. दूध संकलनाला एकच वही आणि लिहिणारे दोघे असले तर काय होतं? मी बघितलं ४० लिटर, तूही बघितलं ४०. मी माझा एक लिटर धरून ४१ लिहिलं, तूही तुझा धरून ४१ लिहिलं. एक लिटर दूध हवेत विरलं आणि चोरी कोणीच केली नाही. उपाय म्हणजे लॉक: वही एकाच्या हातात असेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. डाइक्स्ट्रा यांचा सेमाफोर १९६० च्या दशकातला, तो याच दुखण्यावरचा. लॉक लावून पुन्हा चालवलं की बरोबर २० लाख येतात. पण वेळही कितीतरी जास्त लागतो. तोही मोजायला लावतो मी.

लॉकची एक गोष्ट मंगळावरची आहे. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर यान तिथे उतरलं, आणि काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप रीसेट व्हायला लागला. हवामानाची माहिती गोळा करणारं एक कमी महत्त्वाचं काम लॉक धरून होतं. एक फार महत्त्वाचं काम त्याच लॉकसाठी थांबलेलं. आणि मधल्या दर्जाचं तिसरंच काम, ज्याचा लॉकशी काही संबंध नाही, ते प्रोसेसर अडवून बसायचं. त्यामुळे खालच्याला लॉक सोडायला पाळीच मिळेना. म्हणजे सरपंच सालदाराकडच्या किल्लीसाठी ताटकळलेला, आणि सालदाराला भलत्याच माणसाने पारावर गप्पांत अडकवलेलं. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या मशीनवर ही चूक पुन्हा घडवून पकडली. इलाज आधीपासून त्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये होता, नुसता बंद ठेवलेला: लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरता थांबलेल्याचा मान द्यायचा. तो इथून चालू केला आणि रीसेट थांबले.

हे सगळं शिकायचं कशावर, असं विचारतात. लिनक्सचा कोड थेट उघडू नका. ३ कोटींहून जास्त ओळी आहेत, पोहता येत नसताना बेंबळा धरणात उडी मारल्यासारखं होईल. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००६ मध्ये शिकवण्यासाठी एक्सव्ही-६ नावाची छोटी सिस्टीम लिहिली, युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर. दहा हजारांच्या आत ओळी, फुकट, आणि क्यूएमूच्या खोट्या मशीनमध्ये चालते. बिघडवली तरी तुमच्या पीसीला धक्का नाही. म्हणून बिघडवाच. पाळी बदलताना एक रजिस्टर जपून ठेवायची ओळ काढून टाका आणि काय होतं बघा. काडी हरवलेल्या सरीचा अर्थ तेव्हा कळतो. लिनक्सही अशाच धडपडीतून आलं. टॅननबॉम नावाच्या प्राध्यापकांनी शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची सिस्टीम लिहिली होती, १९८७ मध्ये. ती वापरता वापरता हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या लायनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये स्वतःची लिहायला घेतली.

राहिली लाईन जायची गोष्ट, जी आमच्याकडे विषयाबाहेर ठेवताच येत नाही. माझ्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट असाच गेला होता. सेव्ह केला, लाईन गेली, परत आली तर फाईल शून्य बाइटची. मी आठवडाभर मशीनला शिव्या दिल्या. नंतर कळलं की सेव्ह म्हणजे फाईल डिस्कवर गेली असं नसतं. ती आधी रॅममध्ये थांबते, आणि लिनक्स साधारण ३० सेकंदांपर्यंत तिला तिथे राहू देतं, कारण डिस्क हळू, म्हणून बरंच काम साचवून एकदम करायचं. पेनड्राईव्ह उपटण्याआधी "इजेक्ट" करायला सांगतात ते याचसाठी.

मग अर्धवट लिहिताना लाईन गेली तर सगळ्या डिस्कचाच गोंधळ का होत नाही? अडत्याकडे कच्ची आणि पक्की अशा दोन वह्या असतात, तसं. ईएक्सटी-४ सारखी फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फाईलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, काय बदल करणार ते आधी जर्नल नावाच्या कच्च्या वहीत लिहिते, खाली "पूर्ण" असा शेरा मारते, आणि मगच पक्क्या जागी हात लावते. मशीन परत सुरू झालं की जर्नल वाचायचं. शेरा असलेली नोंद पक्क्या वहीत पुन्हा उतरवायची, शेरा नसलेली टाकून द्यायची. मात्र नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नलमध्ये जातो तो फक्त हिशेब: फाईल कुठे आहे, केवढी आहे. आतला मजकूर नाही. माझं फोल्डर शाबूत होतं, नाव शाबूत होतं, आणि आत काहीच नव्हतं, त्याचं कारण हे.

परवा प्रॅक्टिकल चालू असताना दुपारी डीपीवर फ्यूज उडाला. लॅबच्या यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच्याच गेल्यात, त्यामुळे पंधराही मशीन एकदम काळी झाली. लाईन यायला अर्धा तास लागला. मशीन सुरू होताना काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी सरकत गेल्या, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, रिकव्हरिंग जर्नल आलं! कच्ची वही वाचून राह्यलं ते." सगळे आपापल्या स्क्रीनवर ती ओळ शोधायला वाकले. तिघांना सापडली, बाकीच्यांची तोवर वर निघून गेली होती.